गळ्यालाही सुट्टी हवी, बॉस!

सोमवारी सकाळी तोंडातून 'हॅलो'ऐवजी नुसती हवा आली, असं झालंय कधी? होणारच! आठवडाभर क्लायंट कॉल्स, शनिवारी कराओके, रविवारी मॅच बघताना आरडाओरडा. बायसेप्स जपायला जिम लावणारे आपण, ज्या गळ्यावर पगार मिळतो त्याला मात्र फुकटचा समजतो.

माझं गाव लिंबागणेश, बीड तालुक्यातलं. सप्ताहातली कीर्तनं ऐकतच मी मोठी झाले. बुवा दोन तास उभं राहून बोलतात, गातात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा तेच. त्यांचा आवाज टिकतो कसा? नीट बघितलं की फंडा कळतो. बुवा अभंगाचं चरण उचलतात आणि मागच्या गायक-टाळकऱ्यांवर सोपवून देतात. टाळ-मृदंगाचा गजर वाढतो, मंडळी रंगतात आणि तेवढा वेळ बुवांचा गळा गप्प! दोन तासांत असं कितीतरी वेळा. आपल्या शिफ्टमध्ये हा ब्रेक कुठंय?

बोलताना स्वरतंतू पुरुषांमध्ये सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बायकांमध्ये दोनशेच्या आसपास एकमेकांवर आपटतात. त्यात गोंगाट असला की आपण नकळत आवाज चढवतो. लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे 1911 मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणजे पबमध्ये गप्पा मारणं हा गळ्यासाठी ओव्हरटाइमच.

माझी मावसबहीण शिक्षिका आहे. पत्र्याचा वर्ग, पन्नास पोरं आणि माईक अर्थातच नाही. आवाज बसला तेव्हा ताईने महिनाभर खडीसाखर चघळली आणि कुजबुजत शिकवलं. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर स्वरतंतूंवर गाठी! 'बोलताच आलं नाही तर नोकरीचं काय गं?' हे तिने मला एसएमएस करून विचारलं. बोलायची बंदीच होती ना! ऑपरेशन टळलं, काही दिवस मौन आणि मग स्पीच थेरपी. आता ती वर्ग गप्प करायला टाळी वाजवते आणि फळ्याकडे तोंड करून बोलत नाही.

कुजबुज म्हणजे विश्रांती नव्हे, हे तिथेच कळलं. बऱ्याच जणांचा गळा त्याने उलट जास्त आवळला जातो. सारखं खाकरणंही वाईटच. पाणी प्यालं की स्वरतंतू धुऊन निघतात, हाही गैरसमज. पाणी जातं अन्ननलिकेत. त्याचा फायदा अख्ख्या शरीरातून, सावकाश पोचतो. म्हणून प्रेझेंटेशनच्या आधी घटाघटा बाटली संपवण्यापेक्षा दिवसभर घोट घोट प्या. वाफ मात्र थेट तिथे पोचते. आणि रात्री अकराला तिखट मिसळ हाणून लगेच आडवे होणाऱ्यांनो, वर येणारं आम्लही आवाज बिघडवतं बरं का!

तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा गेला नाही, तर आजीचा काढा बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा. सिगारेट किंवा तंबाखू चालू असेल, तर तेवढीही वाट बघू नका.