खरेदीखताला एकटे जाऊ नका



आपल्यापैकी कोणाला मोठ्या शिक्षेची चार्जशीट मिळाली तर तो आधी काय करतो? तडक संघटनेच्या कार्यालयात येतो आणि विचारतो, "माझा डिफेन्स हेल्पर कोण?" १९६८ च्या रेल्वे शिस्त व अपील नियमांनी आपल्याला हा हक्क दिला आहे. टपाल बांधवांना १९६५ च्या नियमांखाली डिफेन्स असिस्टंट घेता येतो. चौकशी अधिकाऱ्यासमोर एकट्याने उभे राहायचे नाही, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. दोन इन्क्रिमेंट जाण्याचा प्रश्न असला तरी आपण जाणता माणूस बरोबर नेतो. पण तोच कामगार आयुष्यभराची पुंजी घेऊन घराच्या खरेदीखतावर सही करायला निघतो, तेव्हा एकटा जातो. फार तर बरोबर दलाल असतो. या विषयावर आज चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

निमित्त घडले ते चेन्नईत. संघटनेच्या कामासाठी आम्ही तेथे गेलो असता एग्मोर स्टेशनवर आमचा एक जुना सहकारी भेटला. हा सोलापूर जिल्ह्यातला, रेल्वे भरतीतून दक्षिण रेल्वेत लागलेला आणि तेथेच स्थिरावलेला टेक्निशियन. चहा घेऊन तो आम्हाला स्टेशनजवळच्याच गांधी-आयर्विन रस्त्यावर घेऊन गेला. तेथे चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाचे, म्हणजे सी.एम.डी.ए.चे मुख्य कार्यालय आहे. तामिळनाडूच्या रेरा प्राधिकरणाचे कार्यालयही त्याला लागूनच आहे. घराच्या बाबतीत फसलेला माणूस शेवटी ज्या दारांशी येतो, ती दारे एग्मोरला अशी शेजारीशेजारी आहेत. सहकारी म्हणाला, "भाऊ, या रस्त्यावर मी इतक्या खेपा घातल्या आहेत की पास काढला असता तर बरे झाले असते."

त्याची हकिगत अशी. २०१३ साली त्याने शहराबाहेर एक भूखंड घेतला. किंमत बेताची होती आणि दलाल ओळखीचा होता. खरेदीखत तामिळमध्ये होते. दलालाने मोडक्यातोडक्या हिंदीत मजकूर सांगितला, मुद्रांक शुल्क भरले गेले आणि तासाभरात दस्त नोंदला गेला. घरी पेढे वाटले. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मंजुरी नसलेल्या भूखंडांच्या नोंदणीला बंदी घातली, तेव्हा त्याला कळले की आपल्या भूखंडाच्या आराखड्याला मंजुरीच नव्हती. मंजुरी नाही म्हणून बांधकामाचा परवाना नाही आणि परवाना नाही म्हणून कर्ज नाही. विकायला जावे तर दस्त नोंदला जात नाही. २०१७ मध्ये सरकारने २० ऑक्टोबर २०१६ पूर्वीच्या अशा भूखंडांसाठी नियमितीकरणाची योजना आणली. जादा शुल्क भरून आणि खेपा घालून त्याचा भूखंड नियमित झाला, पण घर नऊ वर्षे मागे पडले.

आम्ही विचारले, "त्या वेळी वकील नव्हता का केला?" तो म्हणाला, "होता की! दलालानेच आणला होता."

साथींनो, सगळी मेख येथे आहे. वकील होता, पण तो आपला नव्हता.

सी.एम.डी.ए.च्या इमारतीला तालमुत्तू आणि नटराजन यांचे नाव आहे. १९३८-३९ च्या हिंदीविरोधी आंदोलनात हे दोन तरुण तुरुंगात गेले आणि प्राणास मुकले. ज्या प्रांताने आपल्या भाषेसाठी माणसे गमावली, तेथे दस्त तामिळमध्ये लिहिला जाणार. त्यात गैर काही नाही. आपल्याकडे तो मराठीत असतोच. पण जो कागद आपल्याला वाचता येत नाही त्यावर आपण सही कशी करतो? ड्यूटीवर न वाचलेल्या मेमोवर आपण सही करत नाही. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या बांधवांनी तर वकिलाकडून दस्ताचा समजेल अशा भाषेत लेखी तर्जुमा घेतल्याखेरीज पेन उचलू नये.

आता कोणी म्हणेल, "दस्त सरकारदरबारी रजिस्टर झाला, मग भीती कसली?" हा समज सर्वांत घातक आहे. एग्मोरचे स्टेशन १९०८ सालचे, आणि आपला नोंदणीचा कायदाही १९०८ सालचाच. या कायद्याने दस्ताची नोंद होते, विकणाऱ्याच्या मालकीची हमी मिळत नाही. टपाल बांधवांना हे लगेच पटेल. १ सप्टेंबर २०२५ रोजी रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या आपण रजिस्टर पाकिटे हाताळली. पाकीट कोणी दिले, कोणाला पोचले, याची पावती आपण दिली. आतला मजकूर खरा की खोटा याची हमी आपण कधी घेतली का? दुय्यम निबंधकाचा शिक्का असाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी कायद्याने नोंदणी अधिकाऱ्याला दिलेला नाही. मग तपासायची कोणी? घेणाऱ्याने.

दुसरा समज असा, की बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद चोख. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, एवढे पाहतो. त्याची फी बहुधा आपल्याकडून वसूल होते, पण तो बांधील असतो बँकेला. घरबांधणी अग्रिमाचेही तसेच आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढी रक्कम मिळते आणि घर राष्ट्रपतींच्या नावे गहाण राहते. सरकार कागद पाहते ते आपल्या गहाणासाठी. घर गेले तरी हप्ता थांबत नाही; तो पगारातून कापला जातो.

हे चेन्नईपुरते आहे असे कोणी समजू नये. आमचे असंख्य बांधव कल्याण-डोंबिवलीत राहतात. तेथे महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींची रेराकडे नोंदणी केली गेली. लोकांनी रेरा क्रमांक पाहून, कर्जे काढून घरे घेतली. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. कागद बनवणारे कोण होते आणि डोक्यावरचे छप्पर कोणाचे जाणार होते, याचा विचार करा. त्या परवान्याचा क्रमांक घेऊन कोणी महापालिकेच्या नगररचना विभागात आधी चौकशी केली असती, तर खोटेपणा तेथेच उघडा पडू शकला असता. आपल्या वकिलाने हेच करायचे असते. हातात दिलेला कागद वाचून थांबायचे नाही. कागद जेथून निघाला तेथे जाऊन तो पडताळायचा.

वकिलाकडून कोणती कामे करून घ्यायची ते नीट लक्षात ठेवा. निदान ३० वर्षांचा शोध घेऊन लेखी अहवाल मागावा. महाराष्ट्रात सातबारा, फेरफार किंवा मालमत्ता पत्रक आणि इंडेक्स टू. चेन्नईत पट्टा, बोजा प्रमाणपत्र आणि आधीचे सर्व मूळ दस्त. विकणाऱ्याच्या घरी आणखी वारस आहेत का, बहिणींनी हक्क सोडला आहे का, ते पाहावे. जुने कर्ज फिटले असल्यास बँकेचा दाखला, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि इमारतीचा भोगवटा दाखला पाहावा. चेन्नईत फ्लॅट घेणाऱ्याने जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा दस्तात नेमका किती चौरस फूट लिहिला आहे, हेही मोजून घ्यावे. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'विकत' घेऊ नये. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. बिल्डरकडून घर घेत असाल तर रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी त्याला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

आणि वकील करायचा तो इसार देण्याआधी. टोकन देऊन मोकळे झाल्यावर वकिलाकडे जाणे म्हणजे गाडी सोडून दिल्यावर लाइन क्लिअर मागण्यासारखे आहे. खरेदीखताच्या दिवशीही तो हजर असावा. मूळ कागद, ताबा आणि किल्ली हाती आल्याखेरीज शेवटचा चेक सोडायचा नाही, हे त्याने पाहावे.

"वकिलाची फी परवडत नाही," असे बांधव म्हणतात. चेन्नईत जुने घर घेताना सध्या ७ टक्के मुद्रांक आणि २ टक्के नोंदणी फी पडते. ४० लाखांच्या घराला ३ लाख ६० हजार झाले. ते आपण भरतो, कारण भरल्याशिवाय शिक्का मिळत नाही. दलाली न कुरकुरता देतो. मग जो एकच माणूस केवळ आपल्या बाजूने कागद वाचणार आहे, त्याच्याच पैशात काटकसर का करायची? इंग्लंडमध्ये नोंदलेल्या मालकीची हमी सरकार घेते, तरीही तेथे घेणारा आणि विकणारा साधारणतः आपापला वेगळा सॉलिसिटर नेमतात. आपल्याकडे सरकारची हमी नाही, आणि आपण मात्र विकणाऱ्याच्या वकिलावर भागवतो!

वकीलही चुकतात, काही फसवतातही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच फी आधी लेखी ठरवावी, पावती घ्यावी आणि अहवालावर वकिलाची सही घ्यावी. तोंडी "सगळे ठीक आहे" याला काडीची किंमत नाही.

पण हे सारे एकेकट्या कामगारावर सोडून संघटनेला मोकळे होता येणार नाही. आमची सूचना अशी आहे. प्रत्येक शाखेने स्थानिक दिवाणी वकिलांची एक यादी तयार करावी, त्यांच्याशी शोधाची व दस्ताची फी ठरवून घ्यावी आणि ती फलकावर लावावी. आपल्या पतपेढ्यांनी घरासाठी कर्ज देताना सभासदाच्या स्वतःच्या वकिलाचा अहवाल मागावा आणि त्या फीपुरती रक्कम आधी द्यावी. जेथे आपले बांधव परभाषिक प्रांतात आहेत, तेथे त्या भागातल्या शाखेने दोन्ही भाषा जाणणारा एक साथी मदतीला द्यावा. याला मोठा निधी लागत नाही.

निवृत्तीनंतर रेल्वेचे क्वार्टर नेहमीच्या भाड्याने चारच महिने राखता येते. त्यानंतर माणूस आपल्या घरात तरी असतो नाहीतर भाड्याच्या. तीस-पस्तीस वर्षे ऊन-पावसात, रात्रपाळीत झिजून जमवलेली पुंजी एका सहीत जाऊ नये, एवढीच आमची कळकळ आहे. एग्मोरच्या आमच्या सहकाऱ्याने निरोप घेताना सांगितले ते आम्ही येथे त्याच्याच शब्दांत देतो: "भाऊ, आपल्या पोरांना एवढेच सांगा, वकील स्वतः शोधा." आमचेही सांगणे तेच आहे. पुढच्या शाखासभेत हा विषय घ्या, ठराव करा आणि यादी करायला लागा.