वॉटर ब्लॉक : चकाकी नको, माप पाहा

कापड अंगावर कसे पडेल हे आता संगणकाच्या पडद्यावर दाखवता येते. त्यासाठी आमच्या बाळकुमातली मुलेही भारी ग्राफिक्स कार्डांच्या किमती विचारू लागली आहेत. २०२२ चे आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज खाते, २०२५ चे ५०९० तर ५७५. ही सारी उष्णताच. ती पाण्याने काढायची तर कार्डावर वॉटर ब्लॉक बसवावा लागतो.

आमच्या मते त्याची चकाकी पाहू नये. एकाच चिपची कार्डे अनेक कंपन्या वेगवेगळ्या मांडणीची बनवतात. म्हणून पूर्ण मॉडेल नंबर ताडूनच ब्लॉक घ्यावा. तांब्याच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये. पाण्यात ॲल्युमिनियम झिजते. गळती झाली तर भांडवल बुडाले. पन्ना न मोजता आपण कापड उचलत नाही. इथेही तोच हिशेब ठेवावा.