आवाज आमचा, सही कुणाची?

कला, विज्ञान आणि डिजिटल माध्यम यांना एकत्र आणणारे प्रकल्प आता आपल्या वस्त्यांपर्यंत येऊन पोहोचले आहेत. शहरातल्या एखाद्या संस्थेतून फोन येतो. एक कलाकार, एक शास्त्रज्ञ आणि संगणकाचं काम करणारा एक तरुण असा गट येणार असतो. विषय चांगलाच असतो. नदी, हवा, उन्हाळा, बियाणं, बाळंतपण. निधीही मिळालेला असतो. बोलणं संपता संपता मुद्द्याची गोष्ट निघते, "ताई, तुमच्या गटातल्या पंधरा-वीस बायका मिळतील का?"

मैत्रिणींनो, या 'मिळतील का'बद्दल मला लिहायचं आहे. अशा प्रकल्पांना माझा विरोध नाही. विज्ञान प्रयोगशाळेत आणि कला दालनात कोंडून राहावी असं आपल्यातल्या कुणालाच वाटत नाही. पण ज्या कामात बाईचा आवाज, तिचे हात, तिचं शरीर किंवा तिचं ज्ञान वापरलं जातं, त्या कामाची ती कर्ती आहे. तिला 'सहभागी' म्हणून तळाच्या ओळीत ढकलणं हे शोषणच आहे, मग त्यावर कितीही सुंदर प्रकाशयोजना केलेली असो. आणि या शोषणासाठी बायका पुरवण्याचं काम आपल्या संघटनांनी करू नये.

'ही नवी पद्धत आहे, अजून बसायची आहे,' असं सांगितलं जातं. ते खरं नाही. ही पद्धत साठ वर्षांची आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका लष्करी इमारतीच्या प्रचंड सभागृहात १० कलाकार आणि बेल लॅबोरेटरीजमधले सुमारे ३० इंजिनिअर यांनी मिळून नऊ संध्याकाळी प्रयोग सादर केले. त्या दहा कलाकारांत लुसिंडा चाइल्ड्स, डेबोरा हे आणि इव्हॉन रेनर या तीन स्त्रिया होत्या, तिघीही नृत्याच्या क्षेत्रातल्या. त्यातूनच इंजिनिअर बिली क्लूव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या पुढाकारानं 'एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' ही संस्था उभी राहिली.

या मंडळींसमोर पहिला प्रश्न श्रेयाचा होता. कलाकार कल्पना सांगणार आणि इंजिनिअर तारा जोडून देणार, मग कलाकृती कुणाची? त्यांनी उत्तर दिलं की दोघांची. १९६८ साली या संस्थेनं जी स्पर्धा घेतली, तिचं बक्षीस कलाकृतीत सर्वांत चांगली भर घालणाऱ्या इंजिनिअरसाठी ठेवलं होतं. म्हणजे 'मदतनीस' समजल्या जाणाऱ्या माणसाला निर्माता मानायचं ठरवलं, की मार्ग सापडतो. प्रश्न क्षमतेचा नसतो, इच्छेचा असतो. इंजिनिअर हा शिकलेला, पगारदार पुरुष असतो तेव्हा हा मार्ग सापडतो. कामात तिसरं माणूस येतं आणि ते माणूस म्हणजे वस्तीतली बाई असते, तेव्हा तोच मार्ग का हरवतो?

हे तिसरं माणूस आपल्या देशातही फार लवकर आलं. १९६९ साली विक्रम साराभाईंच्या निमंत्रणावरून हीच संस्था भारतात आली. उपग्रहावरून खेड्यात दाखवायचे शैक्षणिक कार्यक्रम कसे तयार करावेत, हा प्रश्न होता. त्यासाठी गुजरातमधलं आणंद निवडलं गेलं. म्हशींचं सगळं बायका करतात, म्हणून कार्यक्रम त्यांना डोळ्यांपुढे ठेवून करावेत, हलक्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं गावातच चित्रण करून ते गावाला दाखवावं, असा विचार तिथे मांडला गेला. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहावरून दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवण्याचा मोठा प्रयोगही झाला.

आणंदचा तो विचार त्या काळाच्या पुढचा होता, हे मान्य केलं पाहिजे. पण दूध काढणारी, शेण भरणारी, वैरण आणणारी ती, आणि दूध सोसायटीचं सभासदत्व बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर, ही त्या काळातली वस्तुस्थिती होती. आजच्या प्रकल्पांची रचना मला नेमकी त्या सोसायटीसारखी दिसते. काम तिचं आणि खातं दुसऱ्याचं.

मी ज्या वस्तीत काम करते तिथे काही वर्षांपूर्वी हवेवरचा असा एक प्रकल्प आला. कचरा वेचणाऱ्या आणि चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या कमरेला हवेतली धूळ मोजणारी छोटी यंत्रं बांधली. तीन आठवडे त्या ती घेऊन वावरल्या. त्यांचं बोलणं, खोकणं, चालताना लागणारी धाप, सगळं ध्वनिमुद्रित केलं. संमतीचा कागद इंग्रजीत होता. तो मराठीत द्या असं आम्ही लेखी मागितलं, तेव्हा 'वेळ कमी आहे' असं उत्तर आलं. नंतर एका वातानुकूलित दालनात प्रदर्शन भरलं. अंधारात दिवे कमीजास्त होत होते आणि ध्वनिक्षेपकातून आमच्या बायकांचा खोकला ऐकू येत होता. भिंतीवर कलाकाराचं नाव, शास्त्रज्ञाचं नाव, संगणक-रचनाकाराचं नाव आणि देणगीदारांची चिन्हं होती. सर्वांत खाली लिहिलं होतं, 'स्थानिक समुदायाचे आभार.'

आमच्या गटातल्या एका बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "माझा खोकला इथे लावलाय, मग माझं नाव का नाही लावलं?" या प्रश्नाला त्या दालनात कुणाकडेही उत्तर नव्हतं.

याहून गंभीर गोष्ट पुढे झाली. वस्तीशेजारी रोज कचरा जाळला जात होता आणि त्याविरुद्ध आम्ही वॉर्ड ऑफिसात अर्ज करत होतो. बायकांच्या कमरेवर तीन आठवडे गोळा झालेले आकडे हा आमच्या हातातला पुरावा ठरला असता. आम्ही ते आकडे मागितले. 'माहितीवर अजून प्रक्रिया सुरू आहे,' असं सांगण्यात आलं. प्रदर्शनात दिवे लावण्याइतपत ती प्रक्रिया पुरी झाली होती, अर्जाला जोडण्याइतपत मात्र नव्हती! बायकांनी आपला श्वास मोजून दिला आणि त्याचा हिशोब त्यांनाच बघायला मिळाला नाही.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'लोकसहभाग' हा शब्द फार आदरानं शिकवला गेला. लोक निर्णय घेतील असा त्याचा अर्थ होता. या प्रकल्पांत त्याचा अर्थ लोक हजर राहतील एवढाच उरला आहे. डोकं त्यांचं आणि हात आपले, ही जुनीच श्रमविभागणी 'सहनिर्मिती' असं नवं नाव घेऊन आली आहे.

माध्यम बदललं की नाव कसं बदलतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचं काम सवाशिणींचं. १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली, दालनात गेली, आणि जगाला पहिलं नाव कळलं ते जिव्या सोमा मशे यांचं. त्यांची प्रतिभा मोठीच होती आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली याचा आनंदच आहे. माझा प्रश्न त्यांना नाही, व्यवस्थेला आहे. पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या बायकांपैकी किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत? भिंतीवरून कागदावर येताना जे घडलं, तेच कागदावरून पडद्यावर जाताना घडेल, आणि फार झपाट्यानं घडेल.

यावर ठरलेल्या तीन सबबी ऐकायला मिळतात.

पहिली, 'एवढ्या जणींची नावं कुठे लिहायची?' ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ साली लॉस एंजलिसमध्ये क्रोशानं समुद्रातलं प्रवाळ विणायचा उपक्रम सुरू केला. त्यामागे खरंखुरं गणित आहे. डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली दाखवून दिलं, की अतिपरवलयी भूमितीतला पृष्ठभाग क्रोशाच्या सुईनं विणता येतो. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेलं, की विणकामाला आपोआप चुण्या पडत जातात. झालरीची लोकर विणणाऱ्या कुणाही मावशीला हे हातानं ठाऊक असतं. या उपक्रमात पुढे देशोदेशींच्या हजारो जणी विणायला बसल्या, आणि प्रदर्शनांत विणणाऱ्यांच्या नावांच्या याद्या भिंतीवर लावल्या गेल्या. हजारोंची नावं लावता येतात, तर वीस जणींची का नाही?

दुसरी, 'त्यांना तंत्र कुठे कळतं?' १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' संघटनेच्या बायकांना न्यूयॉर्कहून आलेल्या मार्था स्टुअर्ट यांनी व्हिडिओचं प्रशिक्षण दिलं. त्यातल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, कॅमेऱ्यावरची बटणं त्यांनी खुणेनं लक्षात ठेवली. त्यातून 'व्हिडिओ सेवा' उभं राहिलं, आणि भाजी विकणाऱ्या लीलाबेन दातानिया चित्रपट करू लागल्या. तंत्र कळत नसतं असं नाही, ते हातात दिलं जात नाही.

तिसरी, 'लोककला सगळ्यांचीच असते, तिला कसलं नाव?' याचं उत्तर जात्यावरच्या ओव्यांनी दिलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून गावोगावी ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञ संगीत-अभ्यासकानं नव्वदच्या दशकात त्यांची संगणकावर नोंद करायला आणि ध्वनिमुद्रणाला हातभार लावला. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा साठा २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येतो आहे. कला, विज्ञान आणि डिजिटल माध्यम यांचा संगम म्हणतात तो हाच. आणि तिथे गाणारणीचं नाव, गाव, वय, जात, व्यवसाय नोंदवलेला असतो. ओवी परंपरेची असली तरी ती गाणारी बाई कोण, हे तिथे विसरलेलं नाही.

कायदाही याच बाजूचा आहे, आपण तो वापरत नाही एवढंच. १९९४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यांचे हक्क आले. २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊ नये, हे हक्कही दिले. ओवी गाणारी बाई या अर्थानं सादरकर्ती आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीसंबंधीचा २०२३ चा कायदा सांगतो, की संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला असला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. संशोधनासाठी या कायद्यात काही सवलती आहेत, त्यामुळे सगळा भरवसा कायद्यावर ठेवता येणार नाही. आपला करार आपणच करून घ्यावा लागेल.

म्हणून माझी सूचना अशी, की पुढचा फोन येईल तेव्हा प्रत्येक संघटनेनं या अटी समोर ठेवाव्यात.

१. करार मराठीत किंवा बाईच्या स्वतःच्या बोलीत असेल, आणि तो बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला जाईल.

२. ज्या भिंतीवर कलाकाराचं नाव असेल त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत, काम करणाऱ्या प्रत्येकीचं नाव असेल. जिला नाव नको असेल तिचं लावलं जाणार नाही, पण ते ठरवेल ती.

३. दिवसाचा मोबदला रोख मिळेल. चहा, नाश्ता आणि पिशवी हा मोबदला नव्हे.

४. गोळा झालेल्या माहितीची आणि ध्वनिमुद्रणाची प्रत वस्तीला मिळेल. आकडे प्रदर्शनाआधी बायकांना समजावून सांगितले जातील.

५. आवाज आणि चेहरा दुसऱ्या कामासाठी, विशेषतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकवण्यासाठी, वापरायचा तर वेगळी परवानगी घ्यावी लागेल. 'नाही' म्हणण्याचा आणि दिलेली परवानगी मागे घेण्याचा हक्क राहील.

६. विषय ठरवण्याच्या पहिल्या बैठकीला बायका असतील. ठरलेल्या आराखड्यात शेवटी कोंबलेल्या बायका आम्ही देणार नाही.

'एवढ्या अटी घातल्या तर कुणी येणारच नाही,' असं काही मैत्रिणी म्हणतील. येणार नसतील तर न येवोत. निधीच्या आशेनं आपण आजवर बऱ्याच दारांतून वाकून आत गेलो आहोत. पण माझा अनुभव सांगतो, की चांगल्या कलाकाराला आणि प्रामाणिक शास्त्रज्ञाला या अटींची भीती वाटत नाही. ज्याला फुकटचा कच्चा माल हवा असतो, त्यालाच ती वाटते. आणि तो परत गेलेलाच बरा.

आपल्या गटात या सहा अटींवर चर्चा करा. त्यात भर घाला, खोडा, पण ठराव करून लेखी ठेवा. ज्या संघटनांनी असे करार केले आहेत, त्यांनी त्याचा मसुदा या अंकाच्या संपादक मंडळाकडे पाठवावा म्हणजे तो सगळ्यांच्या उपयोगी पडेल. मजुरीच्या पावतीवर आपण अंगठ्याऐवजी सही करायला शिकलो, त्यासाठी साक्षरतेचे वर्ग चालवले. आता तीच सही कलाकृतीखाली करायची आहे.