काळ्या दगडाच्या पोटात



यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘खनिजे’ ठरला, तेव्हा बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: मराठवाड्यात खनिजे आहेतच कुठे? कोळसा चंद्रपूरला, मँगनीज नागपूर-भंडाऱ्याकडे, लोखंड गडचिरोलीत. आपल्या वाट्याला काळा दगड आणि मुरूम. शाळेच्या नकाशातून हा समज मनात पक्का बसला आहे. तो खोडून काढावा, एवढ्याच हट्टाने हा अंक सिद्ध केला आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. थर निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणारे पाणी दगडातले क्षार विरघळवत गेले आणि या पोकळ्यांत त्यांची भर घालत गेले. कुठे हिरवी माती साचली, कुठे अकीक जमला, कुठे झिओलाइटचे स्फटिक वाढले. आपल्या भागाचा खनिज-इतिहास बराचसा या पोकळ्यांनीच घडवला आहे.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला हिरवा रंग घ्या. नुकताच फोडलेला पोकळीचा दगड हातात घेतला, तर आतल्या कडेला हिरवट साय धरलेली दिसते. नखाने खरवडली तर मऊ पूड निघते. चित्रकारांचा हिरवा याच जातीच्या मातीचा. तांबडा आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा. निळा मात्र या डोंगरांत मिळेना. त्यासाठी लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून इथवर आला. वाघूर नदीच्या काठी बसून भिंत रंगवणाऱ्याला कुठला रंग पायाशी मिळतो आणि कुठल्यासाठी हिंदुकुशाकडे पाहावे लागते, हे नेमके ठाऊक होते.

पैठणचा व्यापारही दगडावर चाले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. तिथून पट्टेदार अकीक गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे जात असे. पैठण म्हटले की आपल्याला पैठणी आठवते आणि ते योग्यच. पण त्या काळच्या परदेशी व्यापाऱ्याला पैठण ठाऊक होते ते दगडासाठी.

वेरूळविषयी नवे काय लिहावे? तरीही एक सांगावेसे वाटते. कैलास लेण्याची मागची कातळभिंत सुमारे १०७ फूट उंच आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर वरून खाली कोरत आणले. लाखाहून अधिक टन दगड बाहेर काढला आणि आत देऊळ राखले. वरून घाव घालणाऱ्याला चूक परवडत नाही, कारण काढलेला दगड परत बसवता येत नाही. थर कुठे घट्ट, भेग कुठे, हे अगोदर ओळखल्याशिवाय अशा कामाला कोणी हात घालणार नाही. माझ्या मते हे आपल्याकडचे सर्वात मोठे भूविज्ञान आहे, आणि ते छिन्नीने लिहिलेले आहे.

बीबी का मकबऱ्यासाठी संगमरवर दुरून आणावा लागला. संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या वाटेत दिसल्याचे फ्रेंच प्रवासी तावर्निये लिहितो. सर्वात लहान गाडीलाही १२ बैल जुंपलेले होते. एवढे करून संगमरवर मुख्यतः खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला लागला. मधल्या भिंती इथल्याच काळ्या दगडाच्या, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा.

आज तोच दगड सुरुंगाने उडतो आणि क्रशरमध्ये खडी होतो. रस्ते आणि घरे नकोत असे कोणी म्हणणार नाही. पण शहराभोवतीच्या टेकड्या ज्या घाईने सपाट होत आहेत, ती घाई मला मान्य नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खडीच्या खाणींत कॅव्हन्साइट हे निळेशार, अतिशय दुर्मीळ खनिज मिळाले. त्याचे जगातले उत्तम नमुने तिथलेच. कोणी थांबून पाहिले म्हणून ते वाचले. न पाहता क्रशरमध्ये गेले, त्याचा हिशेब कोण देणार? टेकडीला परवाना देण्याआधी ती एकदा भूवैज्ञानिकाने पायी फिरून पाहिली पाहिजे आणि त्याचा अहवाल गावाला वाचायला मिळाला पाहिजे.

वाचकांकडे एक मागणे आहे. दिवाळीनंतर विहिरींची कामे निघतील. खोदताना हिरवट, चमकदार किंवा पट्टेदार दगड निघाला, तर ढिगाऱ्यात टाकू नका. गावाचे नाव, गट क्रमांक आणि किती फुटांवर सापडला ते चिठ्ठीवर लिहून दगडासोबत जवळच्या शाळेत किंवा महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात पोहोचवा. आम्हालाही कळवा, अशा नोंदी पुढच्या दिवाळी अंकात गावाच्या नावासह छापू.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

— संपादक
छत्रपती संभाजीनगर