जांभळाचं बी थांबत नाही

मलकापूरहून आंब्याकडं जाताना रान हिरवंगार दिसतं. आत शिरून बघा. जांभळाचं बी साठवून राहत नाही, पडलं की ओल लागतेच. पाऊस लांबला की ते मरतं. रुजलं तरी मधेच उघडीप पडली की सड्यावरची वीतभर माती तापते, रोप करपतं. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. उरलंसुरलं वणवा खातो. थोराड झाडं उभी, खाली पोरंबाळं नाहीत!

यावर अकेशियाचे खड्डे हा उपाय आम्हाला पटत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक रान राखायचा, पुन्हा वाढवायचा हक्क दिलाय. दावा टाकू. जाळरेषा आपणच काढू. आणि रोपं दिसतील तिथं काही वर्षं चराई बंद, आपल्याच गुरांची. यावर भांडणं होतील, म्हणून ते ग्रामसभेतच ठरवू.