आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी

बँकेच्या लिलावाच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेले असते : ‘मालमत्ता आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी विकली जाईल.’ नोकरीच्या काळात अशा कितीतरी जाहिरातींवर माझी सही गेली. कादंबरीकाराला हेवा वाटावा असे हे वाक्य आहे. ते सगळे दोष कबूल करते आणि एकही सांगत नाही. जुन्या यंत्रांच्या बाजारात या वाक्याने जेवढे नुकसान केले तेवढे गंजाने केले नसेल, असे माझे मत आहे. लेथच्या बाबतीत तर नक्कीच.

भंडारा जिल्ह्यात जुन्या लेथना तोटा नव्हता. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. स्टीलने घराघरांतली फडताळे काबीज करण्याआधी इथल्या कारखान्यांत पितळी भांडे लेथवर फिरवून त्याचा वरचा थर उतरवायचा आणि चकाकी आणायची, हा रोजचा उद्योग होता. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी, वरठीला पोलादाचा कारखाना, गावोगाव राइस मिल. या सगळ्यांच्या मागे कुठेतरी पत्र्याच्या शेडमध्ये एक टर्नर आणि त्याची लेथ असायचीच. राइस मिलचा शाफ्ट झिजला तर तो नागपूरला पाठवायला सुगीत वेळ कुणाला? कुठे म्हैसूर किर्लोस्करची हरिहरहून आलेली लेथ, कुठे १९५३ साली स्थापन झालेल्या एचएमटीची, कुठे बटाल्याची पट्ट्यावर फिरणारी. धंदा बसला की ती लेथ लिलावात येते आणि लिलावाला कोण येते? भंगारवाला. त्याचा प्रश्न एकच असतो : “सायेब, किलोनं का भाव लावता जी?”

त्याला तरी दोष का द्यावा? आमचा हिशेब त्याच्याहून वेगळा कुठे होता? आयकराच्या नियमाने यंत्रावर उतरत्या किमतीने दरसाल शेकडा १५ घसारा धरतात. म्हणजे एक लाखाची लेथ दहा वर्षांनी कागदावर वीस हजारांच्या आत येते आणि वीस वर्षांनी चार हजारांच्याही आत. कर मोजायला हा हिशेब ठीक आहे. पण लेथचा बेड बिडाचा असतो. तेलपाणी मिळाले तर तो चाळीस-पन्नास वर्षांनीही काम देतो, आणि झिजला तरी पुन्हा सरळ करता येतो. घसारा कागदाला लागतो तसा बिडाला लागत नाही, ही गोष्ट खतावणीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

युरोप-अमेरिकेत ती बसते, कारण तिथे या यंत्रांना दुसरे गिऱ्हाईक आहे. इंग्लंडची मायफर्ड, अमेरिकेची साउथ बेंड अशा छोट्या जुन्या लेथ लोक खोलतात, दुरुस्त करतात आणि छंदिष्टांना विकतात. कुणी त्यावर वाफेच्या इंजिनाची खेळण्याएवढी प्रतिकृती करतो, कुणी घड्याळे दुरुस्त करतो आणि कुणी चक्क तंबाखू ओढायचे पाइप घडवतो. बिडाच्या यंत्रावर पाइप, हे बिडीच्या जिल्ह्यात सांगताना मला जरा हसू येते. तंबाखूचा मी चाहता नाही, पण ते काम मोठे नाजूक आहे. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी ब्रायर नावाची लाकडी गाठ घ्यायची. तिच्यात अठरा-वीस मिलिमीटरचा कोठा कोरायचा. धुराची वाट असते साडेतीन-चार मिलिमीटरची. ती कोठ्याच्या बरोबर तळाशी उघडली पाहिजे. वर उघडली तर तळाची तंबाखू ओली राहते. एबोनाइटच्या दांडीचे कुसू खाचेत सैल नको आणि घट्टही नको. हातातल्या ड्रिलने हे साधणे फार कठीण, म्हणून लाकडाच्या कामालाही धातूची लेथ लागते. आपल्याकडे असे हौशी लोक मोजके आहेत. पण लहान कारखानदार, मॉडेल करणारे विद्यार्थी, निवृत्त इंजिनिअर हे सगळे धरले तर गिऱ्हाईक अगदीच नाही असे नाही.

अडते ते विश्वासावर. बाजारात ‘रिकंडिशन’ म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा पुट्टी आणि हिरवा रंग एवढाच खर्च झालेला असतो. रंग पाहून लेथ घेऊ नये. लेथचा बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. काम चकजवळ चालते, म्हणून झीजही तिथेच जास्त. कॅरेज चकजवळ आणून त्याचा सैलपणा पूर्ण काढावा आणि मग ते टेलस्टॉककडे सरकवावे. वाटेत घट्ट होऊन अडकू लागले तर बेड झिजलेला आहे, मग वर रंग कुठलाही असो. चकमध्ये सळई धरून खालून उचलून पाहावी. डायल गेजचा काटा हलला तर बेअरिंगचा प्रश्न आहे. घरी बसवणार असाल तर मोटरही पाहावी. कारखान्यातली मोटर थ्री-फेजची असते, घरी वीज सिंगल-फेज. हा खर्च घरी पोचल्यावर कळू नये.

खरी दुरुस्ती फार वेळखाऊ असते. बेडवर निळा रंग लावून उंचवटे शोधायचे आणि ते हाताने खरवडायचे, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. हे हात आयटीआयमध्ये तयार झाले, खाणीत आणि गिरण्यांत मुरले. आता त्यांतले बरेच घरी बसले आहेत. अशा माणसाने एक लेथ विकत घेऊन ती सरळ करून विकायची म्हटली तर कर्ज कोण देणार? कर्जाच्या अर्जाला नव्या यंत्राचे कोटेशन जोडावे लागते. जुन्या लेथचे मूल्यांकन करायला येणारा माणूस पाट्यावरचे साल वाचतो आणि परत जातो. मला वाटते, त्याने डायल गेज बरोबर आणावे. बेडची झीज किती, हेडस्टॉक कसा, कुठले गिअर आहेत, कुठले नाहीत, हे एका पानावर लिहून खाली सही करावी. विकणाऱ्यानेही तेच करावे. असे पान हातात असले तर बँकेला तारण दिसेल आणि गिऱ्हाइकाला किंमत. भंगारवाल्यालाही कळेल की हे त्याच्या काट्यावरचे काम नव्हे.

आणि एक सांगायचे राहिले. जुन्या लेथबरोबर सुट्या गिअरची एक पेटी असते, तेलकट, कोपऱ्यात पडलेली. शेड रिकामी करताना ती हमखास भंगारात जाते. १९५६ च्या कायद्याने आपल्याकडे मेट्रिक मापे येण्याआधीच्या बहुतेक लेथ इंचाच्या मापाच्या. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून इंचाच्या लीडस्क्रूवर मिलिमीटरचे अचूक आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो. तो एकदा गेला की तसाच दुसरा मिळवायला दुकाने पालथी घालावी लागतात. शेडमधली लेथ विकायला काढलीच असेल, तर आधी ती पेटी शोधून ठेवा.