कोमट भक्तीविरुद्ध

दिवाळीच्या अंकात धर्मावर लिहायचे, आणि तेही ख्रिस्ती धर्मावर, म्हणजे फराळाच्या ताटात कडू पदार्थ वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही रीत पुष्कळ घरांत पाळतात. हा लेख म्हणजे ते कारीट समजावे.

मी जन्माने ख्रिस्ती, पेशाने शाळामास्तर आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. माझा आरोप माझ्या घरच्याच मंडळींवर आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक पाखंडी झालो नाही, दुराचारी झालो नाही. आम्ही कोमट झालो. नाताळला दारात कागदी तारा लागतो, मुलांना नवे कपडे येतात, केक होतो. रविवारी उपासनेला जातो आणि उपदेश लांबला की घड्याळाकडे पाहतो. सोमवार ते शनिवार मात्र ख्रिस्ताचे आणि आमचे फारसे बोलणे नसते. नव्या कराराच्या शेवटच्या ग्रंथात लावदिकीया गावच्या मंडळीला जो खडसावणारा निरोप आहे, त्यात तिचा अपराध चोरीचा वा व्यभिचाराचा नाही. ती ऊन नव्हती आणि थंडही नव्हती, आणि आपल्याला काही कमी नाही असे तिला वाटत होते. तो निरोप आमच्या पत्त्यावरही बरोबर पोचतो.

आमच्यात ऊब मुळीच उरली नाही, असे मात्र कोणी समजू नये. मंडळीच्या कमिटीची निवडणूक लागू द्या, कंपाउंडच्या भिंतीचा नाहीतर भाड्याच्या गाळ्याचा वाद निघू द्या, मग पाहा! ज्यांना प्रार्थनेच्या वेळी जांभई आवरत नाही, ते रात्री बारापर्यंत ताठ बसून भांडतात. तेव्हा सामर्थ्य नाही ही सबब खोटी आहे. सामर्थ्य आहे, ते भलत्या चुलीत जळते आहे.

यावर आमच्यातली शहाणी माणसे म्हणतात, "मास्तर, धर्मात फार आवेश बरा नव्हे. आवेशातूनच द्वेष आणि मारामाऱ्या निघतात." वरवर पाहता हे खरे वाटते. परंतु द्वेष करणाऱ्याचा डोळा सदा दुसऱ्याच्या देवावर असतो, तर तळमळीच्या माणसाला आपल्याच देवाशी इतके काम असते की शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात डोकवायला त्याला सवड नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांनी पूल जाळला नाही. त्याच पुलावरून अभंग, ओवी आणि कीर्तन ख्रिस्ती मंडळीत आणले. 1917 साली, प्रकृती खचत चाललेली असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. पगार सोडला, पण कोणाशी वैर धरले नाही. आवेशाला भिणाऱ्यांनी या माणसाकडे पाहावे.

दुसरी सबब अशी की, "आमचा स्वभावच तसा नाही; उत्साह देवाने द्यावा लागतो." पाऊस देवच देतो, हे कोणता शेतकरी नाकारील? पण म्हणून तो वैशाखात औत टाकून बसत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, ही जाणीव त्यांना पुढे झाली आणि ती त्यांनी उघड लिहून ठेवली. त्याआधी त्या शांत बसल्या होत्या का? आपल्या गुरुस्थानी असलेल्या इंग्लिश भगिनींशी त्या सिद्धांतांवर वाद घालीत होत्या. पटल्याखेरीज मान डोलवीत नव्हत्या. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढून विधवांना शिकवीत होत्या. त्या जमीन नांगरून बसल्या होत्या, म्हणून पाऊस आला तेव्हा तो वाहून गेला नाही.

तिसरी मंडळी याच्या उलट टोकाची. मांडव घालावा, कर्णे लावावेत, बाहेरगावचा वक्ता आणावा, तीन रात्री लोकांना रडवावे, की झाले पुनरुज्जीवन! ती केडगावचा दाखला देतात. 1905 साली रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली रात्र रात्र प्रार्थनेत रडल्या, ही गोष्ट खरी आहे. पण त्या रात्रींच्या आधीचे दिवस कोण सांगणार? 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणीत होत्या. त्यांच्यासाठी दळण, विहिरी, शेती आणि शाळा उभी राहिली. आणि त्या रात्रींच्या नंतरचे दिवस? कानांनी अधू झालेल्या या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी हातातले काम खाली ठेवले नाही. 1922 च्या एप्रिलात स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. सदनातल्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापले. तीन रात्रींचे रडणे सोपे आहे. वर्षानुवर्षे एकेका शब्दाशी झुंजणे कठीण. उत्साहाची परीक्षा मांडवात होत नाही, मांडव उतरल्यावर होते.

आज आम्ही या दोघांच्या कमाईवर जगतो आहो. टिळकांची पदे 'उपासना-संगीता'तून गातो, आणि चाल चुकली तरी कोणाला कळत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नाही, त्यांनी नवऱ्याचे महाकाव्य हाती घेऊन तडीस नेले! आमच्या पदवीधर घरांतून ते किती कपाटांत आहे? वडिलांची कमाई किती दिवस पुरणार? आमची मुले हुशार आहेत. आईबाप कशासाठी पहाटे उठतात आणि कशासाठी उठत नाहीत, हे ती न बोलता पाहतात. तुम्ही कोमट राहा. ती कोमट राहणार नाहीत, ती सरळ थंड होतील. आणि त्या दिवशी त्यांना बोल लावायला तुम्हाला तोंड उरणार नाही.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. रोज एक ठरलेली घटका, मन लागो वा न लागो, शास्त्र उघडून बसावे आणि जे पटत नाही त्याच्याशी रमाबाईंसारखे भांडावे. खिशाला जाणवेल इतके द्यावे. खुर्दा टाकून हात झटकू नयेत. आठवड्यातून एक काम असे करावे की ज्याचा फोटो निघत नाही: आजाऱ्याच्या उशाशी बसणे, मागे पडलेल्या पोराला फुकट शिकवणे. आणि कमिटीच्या भांडणात जेवढी रात्र जाते, तिच्या निम्मी तरी गुडघ्यांवर काढावी. पहिले महिने हे रुक्ष वाटेल. नांगरट रुक्षच असते.

हे सारे फक्त ख्रिस्ती वाचकांना लागू आहे, असे समजून जे वाचक सुखाने चकली मोडीत असतील, त्यांनी एकदा आपल्या देव्हाऱ्यातल्या समईकडेही पाहून घ्यावे. तेल रोज घालावे लागते, हा नियम कोणत्याही एका धर्माचा नाही.